चाळीस पावल्या

त्या बाई साडेनऊच्या सुमाराला आल्या. बाहेर दोन दिवसांपूर्वीच्या बर्फाचा रस्ताभर राखाडी चिखल झाला होता, आणि त्यांच्या बुटांचे ओले ठसे दारापासून माझ्या टेबलापर्यंत उमटत आले. वय पंच्याऐंशीच्या पुढेच. अंगात लांब तपकिरी कोट, डोक्याला हनुवटीखाली गाठ मारलेला प्लास्टिकचा पारदर्शक रुमाल. असा रुमाल मी आमच्या वसईतही पाहिलेला नाही आणि इथे फिलाडेल्फियाच्या आसपासही आता फक्त म्हाताऱ्या बायकांच्याच डोक्यावर दिसतो. त्यांनी पर्स उघडली, आतून एक पाकीट काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. टेबलावर त्याचा 'टप्प' असा जड आवाज झाला. पाकिटावर एका चर्चचं नाव छापलेलं होतं. ते चर्च बंद होऊन बरीच वर्षं झाली आहेत. खाली निळ्या शाईत थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं : 'घंटेसाठी'. आत नारिंगी कागदात गुंडाळलेली क्वार्टरची, म्हणजे पंचवीस सेंटच्या नाण्यांची, सुरळी होती. चाळीस नाणी, दहा डॉलर. मी शक्य तितक्या मऊ आवाजात सांगितलं की ती घंटा आता आमच्याकडे नाही, त्यामुळे त्या नावाने पैसे घेता येणार नाहीत. त्यांना हवं असेल तर या फॉर्मवर दुसरा हेतू लिहून सही करता येईल. त्यांनी फॉर्मकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "हनी, माझे वडील ती घंटा वाजवायचे." मग पाकीट उचललं, पर्समध्ये ठेवलं आणि ज्या ठशांवरून आल्या होत्या जवळजवळ त्यांच्यावरूनच परत गेल्या.

मी जे केलं ते बरोबर होतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं वाचून कुणी म्हणेल की बाई पाषाणहृदयी आहे. एखाद्या कामासाठी म्हणून दिलेलं दान त्याच कामाला वापरायचं, हे कॅथोलिक चर्चच्या कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. कॅनन कायद्याचं कलम 1267, पोटकलम 3. 2010 नंतरच्या दशकात फिलाडेल्फियाच्या महाधर्मप्रांतात कितीतरी धर्मग्रामं, म्हणजे एकेका चर्चभोवतीचे समुदाय, एकमेकांत मिसळली गेली. त्यातलंच एक या बाईंचं, आमच्यात विलीन झालेलं. दोन धर्मग्रामं एक झाली की मालमत्ता आणि कर्ज दोन्ही नव्याकडे येतात, पण दात्यांच्या इच्छेला धक्का लावायचा नाही, असं कलम 121 सांगतं. म्हणजे इमारत जाते, वेदी जाते, बाक जातात. इच्छा तेवढी शिल्लक राहते आणि ती सांभाळण्याची जबाबदारी माझ्यासारख्या पगारी माणसाच्या टेबलावर येऊन पडते. रिकाम्या चर्चबद्दलही कायद्यात एक शब्दप्रयोग आहे, तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पेन खाली ठेवलं होतं. चर्चची इमारत उपासनेला लागेनाशी झाली तर बिशप ती ऐहिक वापरासाठी देऊ शकतात, मात्र तो वापर हीन नसावा. ऐहिक चालेल, हीन नको. त्या बाईंच्या चर्चमध्ये आता लहान मुलांना जिम्नॅस्टिक्स शिकवतात. हीन म्हणता येणार नाही.

तरी ते ओले ठसे वाळेपर्यंत मी दुसरं काही केलं नाही.

माझ्या कामाचं नाव मराठीत काय सांगावं हा प्रश्न मला दर सुट्टीत पडतो. वसईला गेले की ओटीवर बसलेल्या मावश्या विचारतात, "चर्चमध्ये काम करतेस म्हणजे नक्की काय करतेस गो? कॅटेकिझम शिकवतेस?" नाही. "वेदीची फुलं?" तीही नाही. मी बॉयलर दुरुस्त करणाऱ्याशी भांडते, विम्याचे हप्ते भरते, शाळेच्या छताच्या निविदा मागवते, अठरा जणांचे पगार काढते, आणि सोमवारी सकाळी रविवारच्या दानाचा हिशेब बँकेच्या पावतीशी जुळवते. इथे याला बिझनेस मॅनेजर म्हणतात. मावशांना ते सांगितलं की त्या गप्प होतात, आणि त्या गप्पपणाचा अर्थ मला कळतो : देवाच्या घरात बिझनेस? एकदा मी 'कारभारी' म्हणून पाहिलं. त्यावर माझा चुलतभाऊ हसून म्हणाला, "म्हणजे तू फादरची कारभारीण का?" मराठीत हा शब्द बाईला लावला की त्याचं काय होतं हे मी विसरलेच होते. तेव्हापासून मी 'ऑफिसात आहे' एवढंच सांगते.

आणि या ऑफिसातल्या कामासाठी मी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मास्टर्स केलं, हे तर कुणाला पटतच नाही. वसईच्या कॉलेजातलं बी.कॉम., मुंबईच्या बँकेतली नऊ वर्षं, मग नवऱ्याच्या नोकरीपायी अमेरिका. इथे आधी रविवारी पैसे मोजणाऱ्या स्वयंसेवकांत गेले, मग अर्धवेळ हिशेबनीस झाले आणि मग ही खुर्ची. तेव्हा कळलं की चर्च चालवायचं शिक्षण देणारे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. फिलाडेल्फियाच्या जवळच विलानोव्हा विद्यापीठात, तेही व्यवसायशिक्षणाच्या विभागात, चर्च व्यवस्थापनाची मास्टर्स पदवी मिळते. कॅथोलिक विद्यापीठं इकडे भरपूर, त्यामुळे असे मार्ग आणखीही काही ठिकाणी आहेत. कुठे त्याला पालकीय, म्हणजे माणसांची आध्यात्मिक काळजी घेण्याचं, प्रशासन म्हणतात, कुठे नेतृत्व म्हणतात. मी जिथे शिकले त्याचं नाव घेत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे. अर्धी फी आमच्या धर्मग्रामाने भरली. बाकीची अर्धी आम्ही नवी गाडी पुढे ढकलून भरली, आणि ती जुनी गाडी अजूनही प्रत्येक चढावर मला त्याची आठवण करून देते.

बहुतेक वर्ग रात्री लॅपटॉपवर असायचे. जेवणं आटोपून, ओट्यावर कुकर पालथा घालून मी स्वयंपाकघरातच बसायची. हाताला लसणाचा वास, आणि समोरच्या चौकोनांत एकेक चेहरा : ओहायोतले एक डीकन, म्हणजे फादरच्या खालच्या पायरीचे दीक्षित सेवक, दिवसभर ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान चालवून आलेले; हवाईतली एक फिलिपिनो मुख्याध्यापिका, तिच्याकडे अजून ऊन असायचं; कान्ससमधल्या एक सिस्टर, त्यांच्या मागच्या भिंतीवर क्रूस आणि एका बेसबॉल संघाचं पेनंट; आणि एक तरुण फादर, ज्यांच्यावर एकदम तीन धर्मग्रामांची जबाबदारी टाकली होती आणि जे कॅमेरा चालू ठेवूनच झोपी जायचे. आम्ही कुणीच त्यांना उठवलं नाही. फादर घडवणाऱ्या सेमिनरीत आठ वर्षं त्यांनी तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलं. ताळेबंद कसा वाचायचा हे कुणी दाखवलं नव्हतं. फार जुनी गोष्ट आहे ही. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, म्हणायला शिकवतात, गळकं छप्पर शिकवत नाहीत. आणि मग छप्पर गळतं.

पहिल्या सत्रात मला वाटलं होतं की हे आपलं बँकेतलंच, फक्त वर पवित्र पाणी शिंपडलेलं. काही बाबतींत ते तसं निघालंही, आणि ही ती कुरकुर. 'धोरणात्मक नियोजन' नावाच्या विषयात धर्मग्रामातल्या माणसांना वारंवार 'भागधारक' म्हणायचे. एका स्वाध्यायात आमच्या चर्चची बलस्थानं आणि धोके चार चौकोनांत मांडायचे होते. मी 'धोके'च्या चौकोनात 'मृत्यू' लिहिलं, कारण आमच्याकडे वर्षाला बाप्तिस्म्यांपेक्षा अंत्यविधी जास्त होतात. शिक्षकांनी शेजारी लिहिलं : 'हा धोका नव्हे, लोकसंख्येचा कल.' त्या शेऱ्यावर मी दोन दिवस चिडून होते. पण कॅनन कायद्याच्या विषयाने मला धरून ठेवलं. 1983 ची ती संहिता कोरडी असेल असं वाटलं होतं. ती कोरडी आहेच, पण विहिरीच्या काठासारखी, वाकून पाहिलं की आत ओल दिसते. प्रत्येक धर्मग्रामाला आर्थिक समिती असलीच पाहिजे, हे कलम 537. त्याच्या आधीचं 536 पालकीय परिषदेचं, पण ती बिशपांना योग्य वाटली तर. म्हणजे सल्ला देणारी माणसं ऐच्छिक आणि पैसे पाहणारी सक्तीची. हे वाचून ट्रकवाले डीकन इतके हसले की झोपलेले फादर जागे झाले. मिस्सेसाठी दिल्या जाणाऱ्या दानात व्यापाराचा आभासही नसावा, असं 947 म्हणतं. आभासही! ऑडिटमध्ये इतका कडक शब्द मी बँकेतही पाहिला नव्हता. आणि 231 : जे सर्वसामान्य प्रापंचिक लोक चर्चच्या सेवेला लागतात त्यांनी त्यासाठी नीट शिक्षण घ्यावं, आणि त्यांना कुटुंब चालेल असं मानधन मिळण्याचा हक्क आहे. शिक्षणाची जबाबदारी आणि मानधनाचा हक्क, दोन्ही एकाच कलमात. अमेरिकेच्या बिशपांनी 2005 मध्ये अशा प्रापंचिक सेवकांबद्दल दस्तऐवज काढला तेव्हा देशभरच्या धर्मग्रामांत ते 30,000 च्या वर होते. त्यांतल्या बहुसंख्य बायका. मानधनाच्या अर्ध्या वाक्यावर त्या रात्री वर्गात बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात एक आठवडा सगळ्यांनी प्रत्यक्ष कॅम्पसवर यायचं होतं. गवत नुकतंच कापलेलं, वसतिगृहाच्या खोलीत जुन्या कार्पेटचा वास, सकाळी सातला चॅपेलमध्ये मिस्सा आणि आठला पैशाच्या चोरीवर व्याख्यान. व्याख्यान द्यायला आलेला माणूस निवृत्त तपासनीस होता. चर्चमधल्या अफरातफरीच तपासत आयुष्य गेलेलं. त्याने फळ्यावर त्रिकोण काढला. डोनाल्ड क्रेसी या समाजशास्त्रज्ञाच्या विचारातून आलेला हा त्रिकोण हिशेबतपासनीसांच्या जगात प्रसिद्ध आहे : एका कोपऱ्यात गरज, दुसऱ्यात संधी, तिसऱ्यात मनाची समजूत. तो म्हणाला, गरज तुम्हाला दिसत नाही आणि समजूत माणूस स्वतःची स्वतः घालतो. तुमच्या हातात फक्त संधीचा कोपरा आहे. म्हणून दानाच्या थैल्या एकदाच बंद होणाऱ्या, क्रमांक असलेल्या. म्हणून मोजायला एका वेळी किमान दोघं, एकमेकांचे नातेवाईक नसलेले, आणि जोड्या दर आठवड्याला बदलणाऱ्या. हे सगळं मी रोज करतच होते. वही उघडी ठेवून मी खिडकीबाहेरची खार पाहत होते. मग तो म्हणाला, "आणि रक्कम कमी भरली तर कमीच लिहा. खिशातून भर घालू नका. एका डॉलरचीही नाही. मी पन्नासेक प्रकरणं पाहिली असतील; तूट गुपचूप भरून काढणारा माणूस तपासणीत कायम चोरासारखा दिसतो. त्यातले निम्मे चोर नव्हते."

माझी खार पळून गेली.

आमचे आजोबा आमच्या गावच्या चर्चचे पैसे मोजायचे. नेमणूक वगैरे काही नव्हती. चौथीपर्यंत शिकलेले, केळीची वाडी आणि थोडी भातशेती एवढा पसारा, पण आकडा पक्का, म्हणून कधीतरी कुठल्यातरी फादरनी सांगितलं आणि ते सत्तावीस वर्षं मोजत राहिले. रविवारी मिस्सा संपली की दानाच्या मखमली पिशव्या सामानाच्या खोलीत यायच्या. त्या खोलीला धुपाचा, मेणाचा आणि उंदराच्या औषधाचा असा एक मिश्र वास होता; आजही कुठल्या जुन्या चर्चमध्ये तो आला तर मी सात-आठ वर्षांची होते. जमिनीवर चटई, चटईवर पंचा, पंच्यावर नाणी. पाच पैशाची चौकोनी, दहाची नागमोडी कडेची, वीसची सहा कोपऱ्यांची. ॲल्युमिनियमची ती नाणी इतकी हलकी की पंखा लावायची बंदी असायची. आणि पावल्या. पंचवीस पैशाला आजोबा शेवटपर्यंत पावलीच म्हणाले. चार पावल्यांचा एक मनोरा, म्हणजे रुपया. दहा मनोऱ्यांची एक रांग. भात मापताना पहिल्या पायलीला जसं एक न म्हणता 'लाभ' म्हणायचं, तसं ते पहिल्या नाण्यालाही म्हणायचे. लाभ, दोन, तीन, चार. समोर बसलेले शेजारचे एक काका तोच आकडा पुन्हा म्हणायचे, आणि दोघांचं जुळलं तरच तो वहीत चढायचा. दोघं, नात्यातले नाहीत. विद्यापीठाने माझ्याकडून कित्येक हजार डॉलर घेऊन जे शिकवलं ते चटईवर आधीच चालू होतं. मात्र ते नियम म्हणून नव्हतं, काकांना गप्पा मारायला आवडायचं म्हणून होतं. नियम आणि सवय यांतला फरक सवय मोडते त्या दिवशी कळतो.

ती मोडली 1986 च्या सणाला. आमच्या चर्चच्या सणात दुपारी लिलाव असायचा. लोकांनी वाडीतून आणलेले केळीचे लोंगर, नारळ, कोंबडे, एखादी बायकांनी विणलेली चादर, असं सगळं बोलीवर जायचं आणि तो पैसा चर्चला. कोण किती बोललं त्याची यादी एका मास्तरांकडे, पैसे आजोबांकडे. त्या संध्याकाळी काकांच्या सासुरवाडीला मयत झालं आणि ते गेले. आजोबांनी कंदिलाच्या उजेडात एकट्याने मोजलं. वीज गेलेली, बाहेर बँड वाजतोय, दारू प्यायलेली माणसं खिडकीत येऊन डोकावतायत. यादीपेक्षा रक्कम 340 रुपयांनी कमी भरली. कुणी बोली बोलून पैसे दिले नसतील, मास्तरांनी एखादा आकडा दोनदा लिहिला असेल, कुणी हात मारला असेल. काहीही झालं असेल. आजोबांनी काय केलं, तर कुणालाच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे वाडीतले तयार-अर्धे तयार लोंगर उतरवले, वसईच्या बाजारात मिळेल त्या भावाने दिले, आणि रक्कम पुरी करून फादरकडे नेली. मी त्यांच्याबरोबर बैलगाडीत होते. कच्च्या केळीचा चीक माझ्या फ्रॉकला लागला आणि त्याचे डाग शेवटपर्यंत गेले नाहीत.

आठ दिवसांत गावाला कळलं. कच्चे लोंगर कुणी उगाच उतरवतं का? मग मास्तरांच्या यादीचं कळलं, मग एकट्याने मोजल्याचं. कुणी आरोप केला नाही. फादरही चांगले होते, त्यांनी विचारलंसुद्धा नाही, आणि मला आज वाटतं की त्यांनी विचारायला हवं होतं. वही उघडून समोर बसवून, दोन माणसांदेखत विचारायला हवं होतं. विचारलं नाही म्हणून आजोबांना उत्तर देता आलं नाही. पुढच्या रविवारी ते मिस्सेला गेले, मिस्सा संपल्यावर सामानाच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि सरळ घरी आले. पुढची अकरा वर्षं ते चर्चमध्ये डावीकडच्या शेवटच्या बाकावर बसले. दानाची पिशवी फिरत त्यांच्यापर्यंत यायची तेव्हा ते मुठीतलं नाणं मूठ न उघडताच आत सोडायचे.

कॅम्पसवरच्या त्या व्याख्यानानंतर आम्हाला एक चिंतन लिहायचं होतं : प्रशासन ही पालकीय सेवा कशी? या पदवीत प्रत्येक विषयाच्या शेवटी असं चिंतन असतं. ताळेबंदही लिहायचा आणि ताळेबंदाने आत्म्याला काय झालं तेही. मी आजोबांवर लिहायला बसले आणि लिहू शकले नाही. इंग्रजीत ते एकतर गुन्ह्याचं प्रकरण व्हायला लागलं नाहीतर संतचरित्र. शेवटी बॉयलरवर लिहिलं, चांगले गुण मिळाले. त्या रात्री वसईला चुलतभावाला फोन लावला. दादा बँकेतून निवृत्त झालाय आणि आता आमच्याच चर्चच्या आर्थिक समितीवर आहे. त्याला म्हटलं, तुम्ही आता कसं मोजता? "आता काय, अर्धे लोक फोनवरून पाठवतात. उरलेलं चौघं जण बसून मोजतो, कॅमेरा आहे वर," तो म्हणाला. "तुमच्याकडे वर फक्त बिशप, आमच्याकडे बिशप आणि धर्मादाय आयुक्त. चुकायची सोयच नाही." मी आजोबांचं काढलं. फोनवर थोडा वेळ फक्त त्याच्याकडच्या पावसाचा आवाज आला. मग म्हणाला, "त्यांनी भरले नसते तर बरं झालं असतं." इतक्या वर्षांत आमच्या घरात त्या गोष्टीवर बोललेलं हे पहिलं वाक्य. मला वाटतं, आम्ही दोघंही त्याच्यापलीकडे जायला घाबरलो. त्याने विचारलं, तिकडे सुकेळी मिळतात का. मी म्हटलं, नाही.

म्हाताऱ्या बाई आणि त्यांची नाणी म्हटल्यावर तुम्हाला शुभवर्तमानातली दोन दमड्या टाकणारी विधवा आठवली असेल. मला नाही आठवली. मला लूकच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातला अन्यायी कारभारी आठवत होता. दर तीन वर्षांनी सप्टेंबरात तो वाचला जातो, आणि दर तीन वर्षांनी प्रवचनात फादर लोकांची तारांबळ उडते. धन्याने नोकरीवरून काढायचं ठरवल्यावर हा कारभारी एकेका कर्जदाराला बोलावतो आणि म्हणतो, बस, शंभराचे पन्नास लिही. तू शंभराचे ऐंशी लिही. आणि धनी त्याची चक्क वाहवा करतो! वर्गात यावर दोन तास वाद झाला. ट्रकवाले डीकन म्हणाले, हा माझ्याकडे असता तर त्याच दिवशी पोलीस बोलावले असते. सिस्टर म्हणाल्या, पण त्याने कर्ज तर कमीच केलं ना लोकांचं. माझ्या डोक्यात मात्र दोनच चित्रं होती : एक कारभारी धन्याचा आकडा खाली आणतोय, आणि एक कारभारी रात्रभर जागून आकडा वर नेतोय. पहिल्याची वाहवा झाली.

तर त्या बाई. त्या गेल्यावर तीन दिवसांनी मला सुचलं की घंटा नष्ट झालेली नाही. चर्च बंद झाल्यावर ती टेक्सासमधल्या एका नव्या धर्मग्रामाला दिली गेली होती. उत्तरेतली जुनी चर्चं बंद पडतात आणि त्यांच्या काचा, वेद्या, घंटा दक्षिणेत जातात, तिकडे माणसं वाढतायत म्हणून. म्हणजे इच्छा शिल्लक आहे आणि तिचा विषयही शिल्लक आहे, फक्त दोन हजार किलोमीटरवर. नियमात बसवूनही ते दहा डॉलर पाठवता आले असते. मी टेक्सासला फोन केला. तिथली बाई फार गोड बोलली. हो, घंटा आहे, छान आहे, सगळ्यांना आवडते. दोराला वगैरे काही पैसे लागतात का, विचारलं. ती म्हणाली, दोर नाही, आमच्याकडे मोटर आहे, संगणकावर वेळ लावली की आपोआप वाजते. मी आभार मानून फोन ठेवला. ज्या माणसाने हातातल्या दोराने ती वाजवली त्याच्या मुलीला हे सांगावं की नाही, हा प्रश्न कुठल्याच कलमात बसत नव्हता. मी तिचा पत्ता शोधला नाही. कामं होती, लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, सुरू झाला होता, शुक्रवारी संध्याकाळी तळहॉलमध्ये माशांचं जेवण असतं आणि तेलाचं बिल माझ्याकडेच येतं.

मार्चच्या शेवटी एका सकाळी ऑफिसच्या दारातल्या पत्रपेटीत पाकीट पडलेलं दिसलं. तेच, जुन्या चर्चचं नाव छापलेलं. उचलतानाच वजनावरून कळलं. उलटसुलट करून पाहिलं. निळ्या शाईत काहीही लिहिलेलं नव्हतं. ना घंटेसाठी, ना आणखी कशासाठी. हेतू नसलेलं दान, सर्वसाधारण खात्यात जमा. त्यांना माझा फॉर्म कळला होता, की त्यांनी हार मानली होती, की हे मला दिलेलं उत्तर होतं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

एकटीने उघडायचं नाही म्हणून पलीकडच्या खोलीतून आमच्या सेक्रेटरीला हाक मारली. ती कॉफीचा मग घेऊन आली. सुरळी बँकेची नव्हती, घरी हाताने गुंडाळलेली होती, आणि तशी असेल तर फोडून मोजायचीच असा आमचा नियम आहे. तो मीच लिहिलेला आहे. नारिंगी कागद फाडला. नाणी टेबलावर घरंगळली, एकाला साबणाचा वास होता. क्वार्टर म्हणजे पावलीच की, हे इतकी वर्षं ती मोजूनही माझ्या कधी मनात आलं नव्हतं. तिकडे 2011 मध्ये पावली चलनातून गेली. मी चार-चारचे मनोरे लावायला घेतले आणि पहिलं नाणं ठेवताना तोंडातून गेलं, लाभ. सेक्रेटरीने विचारलं, "काय?" मी म्हटलं, "वन." ती समोरून माझ्यामागे आकडे म्हणत गेली. नऊ मनोरे पुरे झाले. दहाव्यात तीनच आली.

तिने कागद झटकून पाहिला. मी पाकिटात बोटं घातली, टेबलाखाली वाकून पाहिलं. पुन्हा मोजलं. एकोणचाळीस. माझी पर्स खुर्चीला अडकवलेली होती आणि तिच्या बाहेरच्या कप्प्यात पार्किंगसाठी ठेवलेली सुटी नाणी असतात, हे मला माहीत होतं. सेक्रेटरीही त्या पर्सकडेच पाहत होती असं मला वाटलं, पण ती घड्याळाकडे पाहत असेल. मी फॉर्म पुढे ओढला, 9.75 लिहिलं आणि सही केली. मग पेन तिच्याकडे दिलं.